रकाना चौदावा

मयूर विहार, दिल्ली
दिनांक २ जून २०२५

प्रति,
मा. सचिव, शिष्यवृत्ती समिती,
यमुनाकाठ निवासी महिला महाविद्यालय, सोनिपत मार्ग

मी, खंडेराव तुकाराम धुमाळ, वय वर्षे एकोणऐंशी, शिक्षण मराठी चौथी उत्तीर्ण, सेवानिवृत्त जमादार, दिवाणी न्यायालय, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी मयूर विहार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की :

माझी नात कु. रसिका गोविंद ठोंबरे, वय अठरा, राहणार वाशीम, हिने आपल्या महाविद्यालयात वसतिगृहासह शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला आहे. ती प्रतीक्षायादीत नवव्या क्रमांकावर आहे. शिष्यवृत्त्या एकवीस असून त्या वाढविण्याचा ठराव विश्वस्तांपुढे आहे, असे तिला मुलाखतीच्या वेळी सांगण्यात आले. तिच्या आईने, म्हणजे माझी कन्या राधा हिने, अर्जात स्थानिक पालक म्हणून माझे नाव घातले आहे. सुट्टीत मुलीने ज्या घरी यावयाचे, त्या घरच्या वडीलधाऱ्याने आपले निवेदन स्वहस्ते, कोणत्याही भारतीय भाषेत द्यावे असा आपला नियम आहे. तदनुसार लिहितो.

रकाने एक ते तेरा मी एका बैठकीत भरले. चौदाव्या रकान्यात विचारले आहे की, "या कुटुंबातील कोणा मुलीस यापूर्वी या महाविद्यालयाची शिष्यवृत्ती देऊ करण्यात आली होती काय? असल्यास पुढे काय झाले?"

या रकान्यापाशी माझे पेन आठ दिवस थांबले.

रसिका मुलाखतीसाठी येथे आली होती, तेव्हा म्हणाली, "आजोबा, तेरा रकाने इतके मोत्यासारखे लिहिलेत आणि चौदाव्याला काय झालं? फुली मारा नि चला!" माझा मुलगा जयेश नोएडास कंपनीत नोकरीला आहे. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, "बाबा, 'नाही' लिहून टाका ना. ताईला कुठे मिळाली होती? बिल्कुल सिंपल आहे यार." मी वडील असून मला 'यार' म्हणू नये, एवढेच त्यास सांगितले. कारण त्याची समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची मीच करून दिलेली आहे.

अडतीस वर्षे मी न्यायालयाच्या दारात उभा राहून साक्षीदारांचा पुकारा केला. आत जाऊन कोण खरे बोलला व कोण खोटे, हे तो बाहेर आल्यावर त्याच्या पावलांवरून मला कळे. आता पुकारा माझा झाला आहे. सबब रकाना चौदाचे उत्तर येणेप्रमाणे :

होय. सन १९९० मध्ये माझी कन्या राधा, तेव्हा वय अठरा, हिची आपल्या महाविद्यालयाने शिष्यवृत्तीसाठी निवड केली होती. त्या काळी शिष्यवृत्ती एकच होती. आम्ही पहाडगंजात एका खोलीत राहत होतो व राधा तेथील मराठी शाळेतून बारावी झाली होती. निवडीचे पत्र माझ्या हातात पडले. मी तिला सांगितले, "तुझे नाव लागले नाही." आणि आपल्या महाविद्यालयास स्वहस्ते लिहिले की, मुलीची प्रकृती बरी नसते व तिची शिकण्याची इच्छा नाही. दोन्ही विधाने खोटी होती.

कारण विचारले जाईल म्हणून तेही लिहितो. मुलगी घराबाहेर राहिली तर गावाकडे काय म्हणतील, ही भीती होती. परंतु तेवढेच कारण नव्हते. निवडीचे पत्र मी आनंदाने न्यायालयात दाखविले होते. तेव्हा न्यायाधीशांपुढे कागद ठेवणारे पेशकार सर्वांसमक्ष म्हणाले, "जमादार, बिटिया अफ़सर बनेगी तो घर में भी सलाम ठोकना पड़ेगा!" सारे हसले. मी दिवसातून शंभर सलाम करीत असे, त्याचे मला कधी काही वाटले नव्हते. त्या दिवशी वाटले. घरी आलो आणि नकार लिहिला.

माझ्या खोटेपणाचा दंड नातीस होऊ नये, ही नम्र विनंती. काय करावयाचे ते माझे करावे.

या निवेदनास साक्षीदार कोणी नाही, कारण मजकूर मी कोणास वाचून दाखविलेला नाही.

खंडेराव तुकाराम धुमाळ


यमुनाकाठ निवासी महिला महाविद्यालय
९ जून २०२५

आदरणीय धुमाळकाका यांस,
सादर नमस्कार.

आपले निवेदन मराठीत असल्यामुळे कार्यालयाने माझ्याकडे पाठवले. मी समितीची सहसचिव. माझे बालपण आर. के. पुरमच्या सरकारी घरात गेले आणि माझे मराठी दिल्लीतच वाढले, म्हणून पत्रात काही उणे दिसले तर समजून घ्यावे.

पहिल्यांदा मनावरचे ओझे उतरवते. चौदाव्या रकान्यामुळे कोणत्याही मुलीचा अर्ज बाद होत नाही. पूर्वी ज्या मुली निवडल्या गेल्या पण आल्या नाहीत, त्या का आल्या नाहीत हे आम्हाला समजून घ्यायचे आहे. गेल्या तीन वर्षांत बहुतेक सर्वांनी तेथे फक्त "नाही" लिहिले. इतके स्पष्ट उत्तर आपलेच आले. त्यासाठी समिती आपली आभारी आहे.

आता एक अडचण. नियमाप्रमाणे स्थानिक पालकाच्या निवेदनाखाली मुलीच्या आईला अथवा वडिलांना ते वाचून सही करावी लागते. म्हणजे हे निवेदन राधाताईंनी वाचल्याशिवाय रसिकाचा अर्ज पूर्ण होत नाही. ते कार्यालयातून थेट त्यांच्याकडे जावे हे मला योग्य वाटले नाही, म्हणून मूळ कागद आपल्याकडेच परत पाठवते आहे. सहीसह तो २५ जूनपर्यंत आमच्याकडे यावा. विश्वस्तांची बैठक २८ तारखेला आहे. शिष्यवृत्त्या एकवीसच्या सेहेचाळीस करण्याचा ठराव त्याच दिवशी ठरेल.

जुन्या दप्तरातून आपले १९९० चे पत्र सापडले. त्याची छायाप्रत जोडली आहे. कृपया पानाची मागची बाजूही पाहावी. तेथे तळाशी तेव्हाच्या अधीक्षकांचा इंग्रजी शेरा आहे, त्याचा अर्थ असा : "शिष्यवृत्ती एकच. जागा राखून ठेवता येत नाही. फार वाईट वाटते."

आपली नम्र,
हेमलता पळसुले


मयूर विहार, दिल्ली
दिनांक १२ जून २०२५

चि. सौ. राधा हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत माझे एक निवेदन पाठवीत आहे. ते तू वाचावेस व वाचून झाल्यावर खाली सही करावीस, असा महाविद्यालयाचा नियम आहे. मी फोनवर सांगू शकलो असतो. परंतु फोनवर बोललेले शब्द मनुष्य नाकारू शकतो, आणि मला तशी सोय ठेवावयाची नव्हती.

निवेदन आधी वाच. मग हे पत्र पुढे वाच.

आता तुला कळले. तुझे नाव लागले होते. पस्तीस वर्षे मी तुझ्यासमोर जेवलो, तुझे लग्न लावले, तुझ्या मुलांची बारशी केली आणि हे बोललो नाही. त्या आठवड्यात तू दोन दिवस जेवली नव्हतीस. "माझे गणित कच्चे राहिले असेल," असे आईला म्हणालीस. मी पलीकडे वर्तमानपत्र धरून बसलो होतो व ऐकले होते.

दुसरे असे. त्या नकारपत्रावर मी दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या होत्या. न्यायालयात राहून लागलेली खोड. एक सही शेजारच्या खोलीतले अशोकराव यांची, दुसरी तुझ्या आईची. तिने मुकाट्याने सही केली. मग "पाकीट बंद करून टपालात टाक," असे सांगून मी कामावर गेलो. तिने भाताचे शीत लावून पाकीट चिकटवले असणार, कारण घरी डिंक नव्हता. त्या पत्राची प्रत परवा मला मिळाली. मागच्या बाजूस तुझ्या आईचे अक्षर आहे. तिने लिहिले आहे :

"यांनी सांगितले म्हणून सही केली. मुलगी आजारी नाही. तिला शिकायचे आहे. जागा ठेवता आली तर ठेवा. सुरेखा धुमाळ."

सुरेखा सातवी शिकलेली होती, माझ्यापेक्षा तीन इयत्ता अधिक. ती जाऊन अकरा वर्षे झाली. एवढ्या काळात मी ज्या साक्षीला माझ्या बाजूची समजत होतो, ती तुझ्या बाजूची होती. मला राग आला नाही. त्या घरात त्या दिवशी एक तरी मनुष्य खरे बोलला, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तिला हे सांगावयाचे राहिले.

तू सही न केल्यास रसिकाचा अर्ज अपुरा राहील. माझ्यावरील रागाने तिचे नुकसान करू नकोस, असे लिहिणार होतो. मग लक्षात आले की, तुला काय करावे हे सांगण्याचा अधिकार या बाबतीत मला उरलेला नाही. सबब तो मजकूर लिहीत नाही.

तुझा,
बाबा


वाशीम
१७ जून २०२५

तीर्थरूप बाबांस,
राधाचा साष्टांग नमस्कार.

सही केली आहे. आधी हेच लिहिते, कारण तुम्ही पाकीट फोडून पहिल्यांदा तोच कागद शोधला असेल. निवेदन स्पीडपोस्टने थेट कॉलेजला पाठवले, पावती जपून ठेवली आहे.

आता दुसरे. बाबा, मला ठाऊक होते.

आई शेवटी दवाखान्यात होती तेव्हा तिने सांगितले. तुम्ही खाली चहा आणायला गेला होता. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुझं गणित कच्चं नव्हतं गं." मला आधी कळेचना, ही कशाबद्दल बोलते आहे. मग तिने सगळे सांगितले, ते मागच्या पानावर लिहिलेलेसुद्धा. वर म्हणाली, "त्यांना विचारू नकोस. स्वतः होऊन सांगतील तेव्हाच त्याला किंमत." तेवढ्यात तुम्ही चहा घेऊन आलात. तुम्ही मला कप दिलात आणि म्हणालात, "साखर कमी आहे." मी तो चहा प्यायले. कसा प्यायले ते माझे मला माहीत.

तेव्हापासून अकरा वर्षे वाट पाहिली. दर दिवाळीला वाटायचे, आता बोलतील. तुम्ही बोलायचात ते रेल्वेच्या तिकिटाबद्दल.

म्हणून या वेळी मीच पुकारा केला. रसिकाचा अर्ज भरताना मी चौदावा रकाना आधी वाचला आणि मग स्थानिक पालक म्हणून तुमचे नाव घातले. जयेशचे घालता आले असते. तो म्हणालासुद्धा, "ताई, बाबांना कशाला त्रास, मी करतो ना फॉर्म." मी म्हटले, "तू गप रे. हे बाबांचंच काम आहे." रसिकाला यातले काही माहीत नव्हते. तुम्ही आठ दिवस पेन धरून बसलात असे तिने फोनवर सांगितले, तेव्हा इकडे अंगणवाडीत मुलांचा खाऊ वाटायचा राहिला आणि मी तशीच बसून राहिले. मदतनीस विचारायला लागली, "ताई, बरं नाही का?"

तुम्ही 'नाही' लिहिले असते तर? तर मी त्याखालीही सही केली असती, कारण पोरीची जागा महत्त्वाची. पण त्यानंतर दिल्लीला आले नसते.

मी रागावले नव्हते असे लिहीन तर ती खोटी साक्ष होईल. रागावले होते, अजूनही आहे थोडी. पेशकाराच्या एका वाक्यासाठी! बाबा, मी खरेच साहेब झाले असते तर तुम्हाला सलाम करू दिला असता का? तुम्ही मला इतकेही ओळखले नाही, याचे जास्त लागले.

पण तुम्ही लिहिलेत. स्वतःच्या हाताने, एकही शब्द न गाळता, आणि परक्या माणसांना. तुमच्या वयाच्या, तुमच्या ताठ्याच्या माणसाला ते किती जड गेले असेल हे मला दिसते. त्याबद्दल तुमचे उपकार मानते. घरात वडिलांचे आभार मानायची पद्धत नाही, म्हणून एकदाच आणि कागदावर मानते.

रसिकाला काल सगळे सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे आजीने अपील केलं होतं!" ही मुलगी वकील होणार असे दिसते.

तब्येत सांभाळा. उन्हात मेट्रोपर्यंत चालत जाऊ नका.

तुमची,
राधा


यमुनाकाठ निवासी महिला महाविद्यालय
३० जून २०२५

आदरणीय धुमाळकाका,
सादर नमस्कार.

ठराव मंजूर झाला. शिष्यवृत्त्या यंदापासून सेहेचाळीस. रसिकाची निवड झाली आहे. तिचे पत्र मी आपल्याकडे किंवा राधाताईंकडे न पाठवता तिच्याच नावाने रजिस्टर टपालाने पाठवले आहे, आणि यापुढे सर्व मुलींची पत्रे तशीच जातील. तसेच घरातील कोणाचाही नकार मुलगी स्वतः येऊन बोलल्याशिवाय घेतला जाणार नाही. हे दोन्ही नियम या बैठकीत झाले. बैठकीत मी आपले निवेदन, नाव-गाव गाळून, हिंदीत वाचून दाखवले होते. राधाताईंना फोन करून आधी त्यांची परवानगी घेतली होती. आपली घ्यायला विसरले. क्षमा असावी.

वसतिगृह-प्रवेश २० जुलै, सकाळी दहा. आपण सर्वांनी यावे.

हेमलता पळसुले


मयूर विहार, दिल्ली
दिनांक २२ जुलै २०२५

मा. हेमलताबाई पळसुले यांस,
सप्रेम नमस्कार.

परवानगी न घेतल्याबद्दल क्षमेचे कारण नाही. एकदा दिलेली साक्ष न्यायालयाची होते, साक्षीदाराची राहत नाही.

रविवारी प्रवेशाच्या वेळी जे घडले, त्याबद्दल आपल्या कार्यालयास खुलासा देणे माझे कर्तव्य आहे, कारण मी आगाऊपणे वागलो.

दहा वाजता आम्ही सभागृहात बसलो. मुली, त्यांचे आईबाप, ट्रंका, गाद्या, कोणाच्या आईने आणलेली लोणच्याची बरणी. नावे वाचून प्रत्येकीस खोलीची किल्ली द्यावयाची होती. ध्वनिक्षेपक बंद पडला. नावे वाचणाऱ्या आपल्या कर्मचारी भगिनीचा आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे जाईना. मागे गलका होता. एका मुलीचे नाव दोनदा वाचले गेले व ती मागे बसलेली असूनही अनुपस्थित समजली गेली. ते मला पाहवले नाही.

मी उठलो. रसिका माझा सदरा ओढू लागली. "आजोबा, बसा ना, प्लीज, सगळे बघतायत!" राधा म्हणाली, "करू दे गं. त्यांचं तेच काम आहे." मी पुढे जाऊन यादी मागितली. यादी हिंदीत होती. चष्मा पुसला व पुकारा सुरू केला.

एकोणीस वर्षांनी आवाज लावला. लागला. पहिले नाव झज्जरच्या मुलीचे होते. तिचे वडील पागोटे सावरीत म्हणाले, "ताऊ, आवाज तो थानेदार वाला सै!" मी म्हणालो, "थानेदार नहीं, जमादार." सभागृह हसले. या हसण्याने मला काही झाले नाही.

न्यायालयात ज्यांना मी हाक मारीत असे, ती माणसे खाली मान घालून येत. कोणी देवाचे नाव घेई. या मुली मान वर करून आल्या. दरभंग्याची कु. शबनम परवीन तर धावतच निघाली, तिची एक चप्पल मध्येच राहिली व तिने ती परत घेतली नाही, किल्ली घेऊनच मग घेतली. मी सेहेचाळीस नावे पुकारली. रसिकाचे एकतिसावे होते. तिने किल्ली घेतली आणि मला वाकून नमस्कार करू लागली, मी म्हणालो, "पुढे चला, रांग खोळंबते." न्यायालयात नातेवाइकांना वेगळी वागणूक देत नसत.

यादी संपली. येथे माझ्याकडून नियमबाह्य वर्तन घडले. यादीत नसलेले एक नाव मी पुकारले.

"राधा खंडेराव धुमाळ!"

साक्षीदार न आल्यास तीन वेळा पुकारा करावा व मग गैरहजर लिहावे, अशी रीत आहे. मी दुसऱ्या पुकाऱ्यासाठी श्वास घेतला होता. त्याची गरज पडली नाही. मागच्या भिंतीजवळून, लोणच्याच्या बरणीशेजारून, त्रेपन्न वर्षांची माझी मुलगी उभी राहिली व मोठ्याने म्हणाली, "हजर."

किल्ली माझ्यापाशी नव्हती. तिला देण्यासारखे त्या क्षणी माझ्यापाशी एकच होते. मी टाचा जुळवल्या व तिला सलाम केला. पेशकार म्हणाले होते तसेच झाले. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, हे समजण्यास मला पस्तीस वर्षे लागली, याचा मात्र खेद आहे.

आपण, आपली समिती आणि आपले विश्वस्त यांचे आभार मानण्यास चौथ्या इयत्तेची भाषा अपुरी आहे. तरी लिहितो. १९९० साली एका चांगल्या मनाच्या अधीक्षकांस "जागा राखून ठेवता येत नाही" असे लिहावे लागले, कारण जागा एकच होती. यंदा नवव्या क्रमांकावर थांबलेल्या मुलीस जागा मिळाली, कारण जागा सेहेचाळीस झाल्या. ज्या जागेवर माझ्या मुलीने बसावयाचे होते, तेथे माझी नात बसली. आणि तिच्याबरोबर आणखी चोवीस जणी अशा, की ज्या एरवी घरीच राहिल्या असत्या. त्या चोवीस घरांना आपले नाव ठाऊक नसेल. मला आहे. मी कृतज्ञ आहे.

हे पत्र मी बंद करण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखविले आहे. मागची बाजू कोरी ठेवली आहे. कोणास काही लिहावयाचे असल्यास लिहू द्यावे, म्हणून पाकीट मी चिकटवणार नाही. ते राधा चिकटवील.

येणेप्रमाणे दिलेले निवेदन खरे व बरोबर आहे.

खंडेराव तुकाराम धुमाळ

समक्ष हजर साक्षीदार :

१. जयेश खंडेराव धुमाळ, मुलगा. त्याने लॅपटॉप बंद करून ऐकले.

२. कु. रसिका गोविंद ठोंबरे, नात, विद्यार्थिनी, यमुनाकाठ निवासी महिला महाविद्यालय. वसतिगृहातून फोनवर हजर.

३. सुरेखा खंडेराव धुमाळ, पत्नी. हयात नाही. तिची साक्ष सन १९९० पासून आपल्या दप्तरी आहे व ती ग्राह्य धरावी.

४. राधा खंडेराव धुमाळ. हजर.